साहेबांची घरभेट

साहेब अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा गुणवंतराव धानाच्या बांधीतून नुकतेच परतले होते. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुवायलाही सवड मिळाली नाही.

"नागपूरच्या विद्यापीठातून आलो आहे," साहेब म्हणाले. आवाज असा खणखणीत, की शेजारची रुखमा चूल सोडून कुडापाशी आली.

साहेब येणार हे घरात ठाऊक होतं. त्यांचा फोन लेकीनं, करिष्मानंच, घेतला होता. प्रवेश देण्याआधी ते लोक घर अन् मायबाप पाहून जातात, असं तिनं सांगितलं. एवढी पारख करतात म्हणजे कॉलेज मोठंच असणार, असं गुणवंतरावांना वाटलं.

हे नागपूरच्या खासगी विद्यापीठाचं खूळ त्यांचंच. त्यांचा साळा हेमराज याचा पोरगा पियुष तिथं शिकत होता, आणि हेमराज चार माणसांत दर दुसऱ्या वाक्याला ते ऐकवायचा. करिष्माला गडचिरोलीच्या सरकारी विद्यापीठात जागा मिळत होती, फी झेपणारी होती. बारावीपर्यंत ती वडशाला बसनं जाऊन शिकली होती, तशी तिथं राहूनही शिकली असती.

"तिथंबी तेच पुस्तकं आहेत, बाबा," ती म्हणाली होती.

"फी कमी तं शिकवणंबी कमी. पियुष नागपूरले शिकते, अन् माह्या पोरीनं काऊन नाई शिकावं?"

त्यासाठी तलावाखालची बांधी विकायचं ठरलं. पाऊस कितीही दगा देवो, त्या एका बांधीत धान पिकायचंच. गिऱ्हाईक पाहून गेलं, तेव्हापासून आशाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. बोलल्या त्या भिंतीशी. "नाटकं पाहू पाहू डोकं फिरलं माणसाचं. हिरोवाणी सारं इकाले निंगाला."

करिष्मानं विनवून पाहिलं, रडून पाहिलं, मग एके दिवशी वडशाला जाऊन आली आणि एकदम गप्प झाली. पोर समजदार झाली, असं गुणवंतरावांनी धरलं.

साहेबांनी खुर्ची ओढून अशी ठेवली, की ओसरीवरच्या सगळ्यांना त्यांचा चेहरा दिसावा. मग प्रश्न सुरू झाले. घर कधीचं, शेती किती, वडील किती शिकले.

"चवथी," गुणवंतराव म्हणाले, आणि पाय आपल्या खुर्चीखाली घेतले.

साहेब काही बोलायला गेले आणि मध्येच थबकले. त्यांनी दाराकडं पाहिलं. दाराआड करिष्मा चहाचा कप घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते. पोर देवाचं नाव घेत असेल, असं वाटून गुणवंतरावांचा जीव तिळतिळ तुटला.

मग साहेब उठले. त्यांनी गुणवंतरावांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बोट केलं.

"माणसानं पायरी पाहून पाय ठेवावा, गुणवंतराव. आमच्या पायऱ्या संगमरवराच्या आहेत. चिखलाचे पाय तिथं घसरतात, आणि घसरले की लेकरालाही सोबत घेऊन पडतात."

रुखमानं तोंडाला पदर लावला.

गुणवंतरावांचा चेहरा काळवंडला. ते म्हणाले, "चहा पिऊन जा, साहेब. पन माही पोरगी तुमच्या पायऱ्या चढनार नाई."

साहेबांनी चहा घेतला नाही. ते गेल्यावर गुणवंतरावांनी ओसरीवरूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "बांधी इकाची नाई, भाऊ. नाई म्हंजे नाई."

आशाबाई कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलल्या. "पाय धुवा," एवढंच.

करिष्मा गडचिरोलीला गेली. बांधी राहिली, धान भरभरून आलं. पण गुणवंतरावांच्या मनाला लागलेलं काही जाईना. पोरीला नाकारलं ते आपल्यापायी, या विचारानं ते ताटावरून अर्धपोटीच उठायचे. हेमराजच्या दारात ते फिरकले नाहीत. पाय घासून घासून धुतल्याशिवाय ओसरीवर चढेनात. सुट्टीत आलेल्या करिष्मानं एकदा ते पाहिलं.

"काऊन एवढं घासता, बाबा?"

"काई नाई. सवय लागली."

ती आत जाऊन बसली, जेवायलाही आली नाही.

दिवाळी सरली, गावात मंडईची जत्रा भरली. मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की गुणवंतराव पुढच्या रांगेत. वडशाची कंपनी, नवं नाटक, खलनायकाच्या कामाला यंदाच घेतलेला नवा नट. करिष्मा सकाळपासून मागं लागली होती. "यंदा नका जाऊ, बाबा. थंडी लय हाये."

"अवो, नाटकाले थंडी वाजते का कधी?"

शेवटी तीही सोबत आली. आज किती दिवसांनी गुणवंतराव खुशीत होते. शेजारच्या पोचूला सांगत होते, "मिशी लावो का दाढी, एकदा आयकलेला आवाज मी इसरत नाई."

पडदा उघडला. गरीब बाप लेकीसाठी मालकाच्या वाड्यावर आला होता. मालक बाहेर आला. डोक्याला फेटा, अंगठ्याएवढी जाड मिशी. त्यानं बापाच्या पायांकडं बोट केलं.

"माणसानं पायरी पाहून पाय ठेवावा," तो त्याच खणखणीत आवाजात गरजला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुणवंतराव तेवढे थिजून बसले. मग हळूच त्यांनी बाजूला पाहिलं.

करिष्मा स्टेजकडं पाहतच नव्हती. ती त्यांच्या धुतलेल्या पायांकडं पाहत होती, डोळे भरून आले होते, आणि खलनायकाच्या शब्दाशब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते.