अर्धा फेरा

निजामाच्या राज्यात जालना-वाटूर रस्त्यावर भुजंगची कापसाची लॉरी चालायची. तिचं स्टेअरिंग इतकं झिजलेलं, की अर्धा फेरा फिरवल्याशिवाय चाकं हलतच नसत. म्हणून वळण दिसलं की भुजंगचे हात आधीच फिरायला लागत. वाटूरच्या अलीकडं रस्ता वळून बिनकठड्याच्या पुलावर चढायचा. तिथं त्याची बायको गोजरबाई डोळे गच्च मिटून पदर दातात धरायची. दर खेपेला.

लेकीला जालन्याहून पहिल्या बाळंतपणाला आणायचं ठरलं, तेव्हा गोजरबाई अडून बसली. "दोन जिवांची पोर हाय. आधी ते हातातलं चाक नीट करा, मंग तिला बसवा."

जालन्याच्या गिरिधर मिस्त्रीनं स्टेअरिंगचे झिजलेले दाते काढून नवे बसवले. "आता जरासं फिरवलं तरी बराबर वळती," तो म्हणाला.

लेकीला घेऊन निघाल्यावर सरळ रस्त्याला भुजंगनं जपून चालवली. नंतर लेकीशी बोलता बोलता त्याला नव्या दात्यांचा विसर पडला. पूल दिसला तशी गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली सोडला. लेकीचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "आज भेव वाटून न्हाई राह्यलं बघ."

पहिल्यांदाच तिनं त्या वळणाकडं उघड्या डोळ्यांनी पाहिलं.



वळण यायच्या आधीच भुजंगचे हात, रोजच्या सवयीनं, अर्धा फेरा फिरले.