दोन गुणांची चाल

न्हावी मर्लने दुकानातल्या टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम लावला, तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी व्हायची होती. ती तशीच राहिली. सगळे पडद्यापुढे जमले.

सुरुवातीचा वेळ कौतुकातच गेला. बँडची धून अस्सल होती. गवत खेळता खेळता उखडत होतं. वारा फिरला की चेंडू वळत होता, आणि दमलेला खेळाडू कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

"मागच्या गेममध्ये सगळे बाहुल्यांसारखे पळायचे," मर्ल म्हणाला. "यात खोटं काही शोधून दाखवा."

"पंचाला दिसतंय," ओपल म्हणाली. शेजारचं खाण्याचं दुकान तिचं. "तेवढं खोटं आहे."

लेलँड पिट्स मात्र दाराजवळच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

अलाबामातल्या या हार्लन क्रीक गावाने त्याला एकाच गोष्टीसाठी लक्षात ठेवलं होतं. कॉलेजात असताना मिलस्टोनविरुद्धचा शेवटचा सामना. संघ एका गुणाने मागे, वेळ संपलेली, एकच चाल हातात. चेंडूला लाथ मारून दांड्यांमधून घातला असता तर एक गुण आणि बरोबरी. हातात धरून रेषेपलीकडे नेला तर दोन गुण आणि विजय. कोचने दोन मागितले. चेंडू लेलँडकडे आला, आणि त्याच्या हातून सुटला.

तेव्हापासून गावात लेलँडच्या हातात काहीही देताना म्हणायचं, "सांभाळ रे, पडेल." चर्चमध्ये दानाची थाळी देताना. वाणसामानाची पिशवी देताना. नर्सने त्याची नवजात मुलगी हातात दिली तेव्हाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तोही हसायचा. त्याची बायको नॉर्मा तेवढी बोलणाऱ्याला सुनवायची, "आधी तुझं तोंड सांभाळ." ती या वसंतात वारली. आणि आता लेलँडने अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकली होती. कुठे जाणार, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कोच थर्मन गॅडिसचं वेगळं होतं. त्या दिवशी सगळं गाव त्याच्या गळ्यात पडून रडलं होतं. ओपलच्या दुकानातली खिडकीजवळची खुर्ची त्याची. तो बसेपर्यंत शनिवारचा नाश्ता सुरू व्हायचा नाही. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. ती खुर्ची होती म्हणून त्याचे दिवस जात होते.

"कोच," मर्ल पडद्यापुढे बसलेल्या गॅडिसला म्हणाला, "यात हवा तो संघ बनवता येतो. मी आपला जुना संघ बनवलाय, नावं-नंबरांसकट. ती शेवटची चाल लावा की. बघू तरी, या वेळी लेलँड झेलतो का."

सगळे हसले. लेलँडही हसला आणि टोपी घालून उठला.

"बस खाली," कोच म्हणाला. "टोपी काढ."

त्याने कंट्रोलर घेतला. चाल नेमकी कुठली, हे लेलँड सोडला तर तोच सांगू शकत होता. चेंडू फेकणारा पोरगा टेक्सासला गेला तो तिकडेच वारला. आणि चित्रफितीवर नुसतं आभाळ होतं, कारण कॅमेरावाल्याने ऐन वेळी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते.

कोचने यादीतून बराच वेळ शोधून चाल निवडली.

चेंडू निघायच्या आतच बचाववाले अंगावर आले. घाईत फेकलेला चेंडू लेलँडच्या गुडघ्याशी आला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक धिप्पाड गडी लटकला होता. चेंडू गवतात.

"पुन्हा," मर्ल म्हणाला.

पुन्हा तेच. वारा बंद केला, तरी तेच. ओपलने खेळून पाहिलं. मर्लने लेलँडच्या जागी गेममधला सगळ्यात भारी खेळाडू उभा केला. त्याच्याही हातून सुटला.

अर्ध्या दाढीवाल्याचा फेस वाळून गेला होता.

"म्हणजे चालच तशी होती?" ओपलने विचारलं.

"हो."

"आणि इतकी वर्षं तू बोलला नाहीस?" आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती.

"तुझे पॅनकेक गोड लागत होते," कोच म्हणाला.

लेलँड उभा राहिला. "कोच, ती चाल..."

"तू गप्प बस. तेव्हा मी सांगितलं तसं केलंस ना? आताही कर."

लेलँड बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला.

पुढच्या शनिवारी खिडकीजवळच्या खुर्चीत लेलँडला बसवलं. ओपलने त्याच्या हातात कप दिला आणि काहीतरी म्हणायचं राहिल्यासारखी क्षणभर घुटमळली. अंगणातली पाटी निघाली होती. मर्ल त्याला मासेमारीला घेऊन जायच्या गोष्टी करत होता.

कोच आत आला तशी बोलणी थांबली. त्याने उभ्यानेच कॉफी मागितली.

"साखर एक चमचा की दोन?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुला दोनच लागणार म्हणा."

हशा पिकला. कोचही हसला, कागदी पेला घेतला आणि घरी गेला.

दुपारी त्याने टीव्ही लावला. गेम त्याने मर्लच्याही आधी घेतला होता. तोच जुना संघ, तोच सामना, गोलरेषा तीन यार्डांवर. कोच चालींच्या यादीत खाली गेला आणि त्या दिवशी खरोखर सांगितलेली चाल निवडली. लेलँड सरळ धावला, कोपऱ्याकडे वळला. आसपास चिटपाखरू नव्हतं. चेंडू अलगद त्याच्या छातीशी आला आणि हातांत राहिला, दर वेळी राहायचा तसाच.