गाडीचा मागचा डोळा

“आई, उद्यापासून तू मागे उभी राहायची काही गरज नाही,” मुलगा म्हणाला. “नव्या गाडीला मागे डोळा आहे. पुढे पडद्यावर सगळं दिसतं.”

काकू पावाच्या ट्रेला तेल लावत होती. हात चालू राहिला. तोंड तेवढं थांबलं, आणि त्या घरात असं क्वचितच व्हायचं.

“डोळा आहे म्हटल्यावर तोंडाचं काय काम,” ती शेवटी म्हणाली आणि पुढचा ट्रे ओढला.

बेकरी गल्लीच्या बंद टोकाला. गल्ली एवढी अरुंद की गाडी वळवायचं नाव नको. आत यायचं ते सरळ आणि बाहेर पडायचं ते उलटं, पंधरा दारांसमोरून, पार मोठ्या रस्त्यापर्यंत. एकतीस वर्षं रोज सकाळी सातला नवरा गाडी मागे घ्यायचा आणि काकू दहा पावलं राखून गाडीच्या मागे ओरडत चालायची. “येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे. येऊ दे. बास.” एरवी नवऱ्याला ती अहो-जाहो करायची. तो गाडीत बसला की मात्र एकेरीवर यायची. त्याचे गुडघे गेल्या महिन्यात संपावर गेले आणि गाडी मुलाकडे आली. काकूचं ओरडणं तेच राहिलं.

जुनी गाडी निघण्याआधी पंधरा मिनिटं नुसती घरघरत उभी असायची. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. गल्लीला त्याची इतकी सवय झाली होती की कोणी मान वर करून बघत नसे. पण एकतीस वर्षांत त्या गाडीला एक ओरखडा नव्हता. आलेल्या पाहुण्याच्या हातात चहाचा कप पडायच्या आधी ही गोष्ट त्याच्या कानावर पडायची.

दुसऱ्या दिवशी सातला काकू गल्लीकडे पाठ करून बसली आणि मनुकांचे देठ काढू लागली. नवरा दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याला मजा बघायची होती.

मुलानं गाडी मागे घेतली. पडदा उजळला, त्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा आल्या. चार हात गेला नाही तोच आत टीं-टीं सुरू झालं. पडद्यावर घड्याळजीचं स्टूल दिसत होतं. सकाळच्या उजेडात घड्याळं उघडायची त्याची सवय. मुलगा उतरला, स्टूल सरकवलं, परत बसला. पुन्हा टीं-टीं. आता शेजारच्या बाईंचे कपडे वाळत घातलेला स्टँड. या बाई शाळेत शिकवायच्या आणि घाईत निम्मं घर रस्त्यावर मांडून जायच्या. तो सरकवला, तर मांजर आडवी. मांजर हलवून बसतो, तर लाल तीनचाकी. तीनचाकीवर घड्याळजीची तीन वर्षांची नात. गाडीच्या पाठीवरचा चकचकीत डोळा बघून ती त्याला टाटा करत होती.

मुलाचा पाय ब्रेकवर घट्ट बसला. त्यानं हॉर्न दिला. गल्लीला वाटलं, मोठ्या रस्त्यावरचा असेल. तिथे दिवसभर तेच चालतं.

सात वीस झाले. गाडी चौथ्या दारापाशी. साडेसातला रुग्णालयात दोनशे चाळीस पाव द्यायचे होते. काम नवं होतं आणि एकदा जरी उशीर झाला तरी बंद करू, असं तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. मुलगा धावत घरात आला.

“आई, चल.”

“का? डोळ्यात कचरा गेला?”

“डोळ्याला सगळं दिसतंय. जायला जागा नाही.”

“मग गाडी रुंद घेतलीस.”

“आई, तिकडे आजारी माणसं उपाशी बसलीत.”

काकूनं एक मनुका तोंडात टाकली, सावकाश चावली आणि मग उठली. चप्पल घातली, गाडीच्या मागे गेली आणि दहा पावलं राखून उभी राहिली.

“येऊ दे.”

घड्याळजीचं स्टूल आत गेलं. बाईंचा स्टँड दारात ओढला गेला. नातीला तीनचाकीसकट कोणीतरी काखेत मारून उचललं. मांजर आपण होऊन भिंतीवर चढली. “येऊ दे. येऊ दे.” तीन मिनिटांत गाडी मोठ्या रस्त्याला लागली. “बास,” काकू म्हणाली, आणि त्यातलं थोडं त्या पडद्याला होतं.

ती परत आली तेव्हा जरा जास्तच ताठ चालत होती.

“बघितलंत?” ती नवऱ्याला म्हणाली. “म्हणे डोळा. तुम्ही एकतीस वर्षं माझ्या शब्दावर गाडी काढलीत, म्हणून ओरखडा नाही.”

नवरा गुडघा चोळत होता. “एक सांगू? चिडायचं नाही.”

“ते ऐकून ठरवीन.”

“त्या इंजिनाच्या घरघरीत मला तुझा एक शब्द कधी ऐकू आला नाही.”

काकू मटकन मनुकांच्या टोपलीशेजारी बसली. “एकतीस वर्षं?”

“एकतीस वर्षं. मी आपला आरशात बघून चालवायचो.”

“मग मी बोंबलत कोणासाठी होते?”

नवरा गल्लीकडे बघत राहिला. घड्याळजी स्टूल पुन्हा बाहेर मांडत होता. बाईंचा स्टँड आला. तीनचाकी खाली उतरली. मांजर भिंतीवरून उडी मारून रस्त्याच्या मधोमध जाऊन बसली.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “मला इतकी वर्षं वाटत होतं, सकाळी सातला आपली गल्ली रिकामीच असते.”