पहिल्या ओळीतलं नाव

"या बाईंना मी टोचणार नाही," नर्स म्हणाली आणि सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

नोंदणी कारकुनाने रजिस्टरातून मान वर केली. सहसा तो ती वर करत नसे. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते म्हणून लसीकरणाच्या पहिल्या दिवसापासून चष्मा खिशात होता. जवळचं रजिस्टर तेवढं स्वच्छ दिसे, आणि जगात बघण्यासारखं तेवढंच आहे असं त्याचं मत होतं.

"का नाही टोचणार?"

"यांनी घेतलीय लस. दहा दिवसांपूर्वी. मीच दिलीय."

खुर्चीतल्या बाईने हिरवा मास्क नाकावर ओढला. "नाही हो सिस्टर. तुमचा काहीतरी घोळ होतोय."

बाई कारकुनाच्या माहितीतली होती. त्याची बायको घरी मास्क शिवायची आणि ही त्यांना नाड्या लावून द्यायची. अर्ध्या गावाच्या नाकावर तेच हिरवे मास्क होते. आता हिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली होती. उद्या रुजू व्हायचं, पण लसीचा दाखला हातात असेल तरच. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी.

कारकुनाने पानं उलटली. बोट ओळीओळीवरून खाली उतरलं.

"यांचं नाव कुठेच नाही."

"मग लिहायचं राहिलं असेल."

"राहिलं असेल?" कारकून उभाच राहिला. "माझ्या रजिस्टरात? सिस्टर, एकवेळ माझं जेवायचं राहील!"

"अहो, पण मला आठवतंय."

"चेहरा आठवतोय?"

"चेहरे दिसतात कुठे आता? तुम्हीच टेबलाजवळ कुणाला मास्क खाली करू देत नाही."

"नाहीच देणार. ओळखपत्रावरच्या फोटोशी तोंड जुळवायला एकाने मास्क काढायचा आणि रांगेतल्या दहांनी ताप घेऊन घरी जायचं? कागद बरोबर असला की माणूस बरोबर."

"तुम्ही कागदावरून ओळखा. मी दंडावरून ओळखते." नर्सने बाईची बाही वर सरकवली. "हा बघा भाजल्याचा डाग. चंद्रकोरीसारखा. त्या दिवशी मी म्हटलंसुद्धा, डागाच्या जरा वर टोचते."

"चुलीपाशी काम करणाऱ्या शंभर बायकांना असतील असले डाग," बाई म्हणाली.

लसीकरण शाळेत चाललं होतं; वर्गातल्या बाकांवर एक सोडून एक बसलेली माणसं आता रंगात आली होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "घेतली असेल आणि विसरल्या असतील."

"मास्तर, सुई टोचलेली विसरायला मी काय उशी आहे?"

सगळे हसले. नर्स हसली नाही. तिने एकदा डागाकडे, एकदा रजिस्टराकडे पाहिलं. क्षणभर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. दिवसाला दोनशे दंड, कुठला कुणाचा!

"बाई, दहा दिवसांत दुसरी दिली आणि तुम्हाला काही झालं तर?"

"माझ्याकडून लिहून घ्या. पण दाखल्यावर नाव माझं पाहिजे. तेवढंच."

"यांच्यात धीर आहे, सिस्टर, आणि तुम्ही त्यांना अडवताय," कारकून म्हणाला. "आमच्या घरचं बघा. बायको सुईला इतकी घाबरते की घरी शिवणाची सुईसुद्धा अंगुस्तान घालून धरते. लस यायच्या आधी पंधरा दिवस नको नको म्हणत होती. लोक मला टोमणे मारायचे, लसवाल्याच्याच घरी लस नको! शेवटी तयार झाली, तीही एका अटीवर. तिथे ओळख दाखवायची नाही, बोलायचं नाही, मी इतरांसारखी रांगेत येणार. आली, आणि तोंडातून शब्द न काढता टोचून घेतली! पहिल्या पानावर पहिलं नाव तिचं."

त्याने मागे न बघताच फळ्याकडे हात केला. तिथे त्या दिवशीचा मोठा फोटो चिकटवला होता. रोज येता-जाता त्याच्यावरून तो अभिमानाने हात फिरवायचा.

"वहिनींचा हात फार दुखला असेल ना?" बाईने हळूच विचारलं.

"तीन दिवस वर उचलत नव्हता. भांडी मी घासली."

बाईला मास्कमागे जोराचा ठसका लागला. पुढचा बाक रिकामा झाला.

"ते काही नाही," कारकून म्हणाला. "रजिस्टरात नाव नाही म्हणजे लस घेतलेली नाही. जबाबदारी माझी. आणा तो कागद, सही करतो."

"करा," नर्स म्हणाली. "पण आधी चष्मा लावून हा डाग नीट बघा. उद्या म्हणू नका, सिस्टरने दाखवला नव्हता."

"कशाला, साहेब," बाई घाईने म्हणाली, "उगाच वाफ धरेल."

पण गोष्ट आता रजिस्टराच्या अब्रूची होती. कारकुनाने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. वाकून डाग पाहिला. ठसठशीत चंद्रकोर, टोकं वर वळलेली.

"बघितला," तो म्हणाला आणि कागद टेकवायला फळ्याकडे वळला.

दहा दिवसांत पहिल्यांदाच तो फोटो त्याला स्वच्छ दिसला. तो स्वतः मध्ये ताठ उभा होता. आणि शेजारी खुर्चीत, त्याने ओळखलेल्या जांभळ्या शालीतून बाहेर आलेल्या बायकोच्या दंडावर, सुईच्या जरा खाली, चंद्रकोर होती.