पहिल्या तासाचं मत

मामाला नव्या व्हिडिओ गेमबद्दलचं पहिलं मत पाच वाजेपर्यंत वेबसाइटला पाठवायचं होतं. ते आवडलं तरच दर आठवड्याचं सदर त्याला मिळणार होतं.

खेळ सुरू होताच गावाच्या वेशीवरचे एक म्हातारे गुरुजी तलवार कशी धरायची ते सांगू लागले. मामाने बटण दाबून त्यांना गप्प केलं.

"अरे मामा, ते शिकवतायत ना!" शेजारी बसलेली आठ वर्षांची भाची म्हणाली.

"वीस वर्षं खेळतोय मी. हे थेरडं मला काय शिकवणार? तू जा, कार्टून बघ."

पुढच्या पाऊण तासात पुलावरच्या राक्षसाने मामाला चौदा वेळा लोळवलं. मामाने दातओठ खात लिहून काढलं, 'हाणामारी भिकार. राक्षस मरतच नाही. खेळाडूला काहीही न शिकवता थेट मरायला सोडलंय.'

मग तो चहा करायला आत गेला. भाचीने खेळ पहिल्यापासून लावला. गुरुजींचं सगळं ऐकलं, चुकलं तिथे पुन्हा करून पाहिलं आणि "आधी ढाल, मग वार" असं पुटपुटत पूल गाठला. मामा कप घेऊन बाहेर आला, तेव्हा राक्षस आडवा झाला होता.

"मरतो रे मामा! आता खरं ते लिही हं."

मामाने कप ठेवला, लिहिलेलं सगळं खोडलं आणि पाचाच्या आत नवं मत पाठवून दिलं, 'खेळ अगदीच पोरकट. आठ वर्षांच्या मुलीलाही पहिल्या फटक्यात जमतो.'