बांधावरून पाठुंगळी

बस पाटाच्या अरुंद पुलाशी थांबली.

"पुढे नाही जात," ड्रायव्हर म्हणाला. "गरम पाण्याची कुंडं त्या मक्यापलीकडे. बांधाबांधाने चालत जा."

ज्येष्ठांच्या मंडळाची सहल होती. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कंबर. बहुतेकांची ओळख बसमध्येच झालेली. कुरकुरत एकेक जण उतरला. मागच्या सीटवरचे शिंपीमास्तर तेवढे राहिले. त्यांचे दोन्ही पाय निकामी होते आणि चाकांची खुर्ची बांधावर चालणार नव्हती.

त्यांच्यासोबतचा तिशीतला तरुण त्यांच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला. अंगाने दांडगा, पण वाटेत शेळ्या आडव्या आल्या आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरला होता तो हाच.

"या, मास्तर."

"घरातसुद्धा मास्तरच म्हणतो का तुम्हाला?" बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी हसून विचारलं.

"सगळं गाव म्हणतं," त्याच्या पाठीवर सरकत मास्तर म्हणाले. "हा तरी कसा सुटेल?"

नुकतंच पाणी सोडलेलं, त्यामुळे बांध निसरडा होता. तरुण पाय रोवत, दम खात चालला. मास्तर वरून शेतं न्याहाळत होते.

"काय मका आलाय! हत्ती लपेल आत."

"मुलगा असावा तर असा," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तरांची मान ताठ झाली. "रोज अंघोळही हाच घालतो मला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चहा मात्र पाणचट करतो!"

कुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवर तरुणाचा पाय सटकला. बायका किंचाळल्या. तो गुडघ्यावर आदळला, पण मास्तरांवरची पकड त्याने सुटू दिली नाही. त्यांना अलगद काठावर टेकवून त्याने आधी आपला हात पाण्यात घातला, मग त्यांचे पाय आत सोडले.

"सोसेल इतकं आहे ना रे?"

"हो. छान आहे."

"मग छानच वाटतंय मला," मास्तर म्हणाले.

त्याचा गुडघा फुटला होता. जखम धुवायला तो पलीकडच्या ओहोळाकडे गेला. बाई मास्तरांशेजारी येऊन बसल्या.

"माझे दोघे परदेशात. वाढदिवसाला फुलं येतात, माणूस येत नाही. तुम्ही नशीब काढलंत हो. काय संस्कार केलेत पोरावर!"

"मी कुठले? त्याच्या आईने केले असतील. मी बघितलेलं नाही तिला."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे... हा तुमचा मुलगा नाही?"

"आता माझाच," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा ऊर भरून आला. "तुरुंगातून सुटला तो आधी घरी नाही गेला, तडक माझ्या दारात आला. माझे पाय याच्याच ट्रकखाली गेले."