तपकिरी घोडा

सिनेमा संपला आणि चर्चेला तोंड फुटलं. जिना चढून दवाखान्यात शिरणारा पांढरा घोडा म्हणजे सत्ता, असं प्राध्यापकांनी ठासून सांगितलं. "छे! घोडा म्हणजे मृत्यू," समीक्षकबाई कडाडल्या. "कसला मृत्यू? लोकांना उल्लू बनवायचे धंदे!" पुढच्या रांगेतले एक काका उसळले. मंचावर बसलेला दिग्दर्शक गालातल्या गालात हसत होता. आपल्या सिनेमाचा अर्थ तो कुणालाच सांगत नसे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या. "घोडा तपकिरी हवा होता," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकाचं हसू मावळलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"वीस वर्षांपूर्वी तुम्ही तापाने फणफणला होतात, तेव्हा वॉर्डात मीच नर्स होते. 'सिस्टर, तपकिरी घोडा आलाय, लगाम धरा' म्हणून ओरडायचात. तीन दिवस धरला की मी!"

सभागृहात हशा पिकला. दिग्दर्शक मात्र मंचावरून उतरला आणि थेट त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"सिस्टर, सिनेमा कसा वाटला?"

"बरा आहे. पण तापात तुम्ही यापेक्षा छान सांगितला होतात."